हिमनदीने टाकलेली खडी

(पडद्यावर फक्त टायर आणि रस्ता. पाच-सात सेकंद निवेदन नाही.)

खडीच्या रस्त्यावर सायकल घातली की आधी कान कामाला लागतात. बारीक रेतीवर चाक सरसरतं, जाड खडीवर करकरतं, आणि मधूनच एखादा गोटा टायरच्या कडेखालून निसटून टिणकन फ्रेमवर बसतो. हा गोटा करडा आहे, त्यात पांढरी रेघ आहे. ग्रेवॅक नावाचा हा दगड, आणि रेघ गारगोटीची. इथं जिकडे बघावं तिकडे हाच.

न्यूझीलंडचं दक्षिण बेट. देशातल्या सर्वांत उंच शिखराच्या पायथ्यापासून पॅसिफिक महासागरापर्यंत ३०० किलोमीटरहून लांब सायकलवाट जाते. तिचं नाव 'आल्प्स टू ओशन'. आल्प्स म्हणजे इथलीच पर्वतरांग, युरोपातली नव्हे. २००९ मध्ये जागतिक मंदीत नोकऱ्या कशा वाढवायच्या यावर सरकारनं एक परिषद भरवली होती. देशभर सायकलवाटा बांधायची कल्पना तिथून पुढे आली. त्यातली ही सर्वांत लांब वाटांपैकी एक.

सुरुवातीलाच एक अडचण आहे. शिखराकडून निघालात तर थोड्याच अंतरावर टास्मान नदी आडवी येते आणि तिथं तुमच्या वाटेवर पूल नाही. सायकलीसकट हेलिकॉप्टरमध्ये बसून पलीकडे उतरायचं, असा रिवाज आहे. दृश्य भारी दिसत असणार, यात शंका नाही. पण सायकलवर निघून पहिल्याच दिवशी हेलिकॉप्टरचं भाडं भरायचं, हे काही माझ्या मनाला पटलं नाही. वाटेला दुसरं तोंड आहे, टेकापो तळ्याकाठचं. आम्ही तिथून निघालो.

(टेकापो. तळ्याचं पाणी, मागे बर्फाची रांग.)

टेकापो, पुकाकी, ओहाऊ. नकाशात बघा, तिन्ही तळी उत्तर-दक्षिण, शेजारी शेजारी, लांबुळकी. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग भरात असताना, या तिन्ही दऱ्यांतून हिमनद्या खाली आल्या होत्या. तळी आज जिथं दक्षिणेला संपतात, तिथपर्यंत. हिमनदी सरकताना तळाचा दगड उकरते, बाजूचे कडे खरवडते, आणि सगळा माल पुढे ढकलत नेते. बर्फ वितळून मागे हटला तेव्हा तो माल तोंडाशी ढिगानं पडून राहिला. त्याला म्हणतात हिमोढ. त्या ढिगांमागे पाणी अडलं आणि तळी झाली.

म्हणजे हिमनदी हे एक जातंच म्हणा. जाडंभरडं ते बाहेर पडलं आणि रस्त्यावर आलं. बारीक पीठ अजून पाण्यात आहे.

हे पीठ मला बघायचं होतं. काठावर वाकून काचेची बाटली भरली. तळं लांबून इतकं निळं, की फोटो दाखवला तर लोक म्हणतील रंग वाढवलाय. बाटलीत मात्र निळं काही नाही. तांदूळ धुतल्यावर दुसऱ्या पाण्याला जशी किंचित झाक उरते, तसं. उन्हाचा तांबडा भाग पाणीच शोषून घेतं, आणि पिठाचे तरंगते कण उरलेला निळा-हिरवा प्रकाश चहूकडे उधळतात. त्यासाठी तळ्याएवढी खोली लागते, बाटलीची पुरत नाही. रात्रभर बाटली खिडकीत ठेवली. सकाळी तळाशी जेमतेम एक पुसट थर होता, वरचं पाणी तसंच धुरकट. ते परत तळ्यात ओतलं आणि निघालो.

(कालव्याकाठचा सरळ रस्ता. उंचावरून.)

टेकापोहून पुकाकीकडे जाणारा हा कालवा सुमारे २६ किलोमीटरचा. वाट त्याच्याच कडेनं जाते. आपल्याकडे कालव्याच्या भरावावर पाटकऱ्याच्या सायकलीसाठी पायवाटेएवढा रस्ता असतो, तोच इथं ट्रक जाईल एवढा रुंद समजा. चढ नाही, वळण नाही, सावलीला झाड नाही. डाव्या-उजव्या हाताला पिवळं गवत आणि मधोमध हे दुधाळ निळं पाणी, एका सरळ रेषेत. पहिले पाच किलोमीटर डोळे फिरतात. दहाव्या किलोमीटरला माणूस स्वतःशी बोलायला लागतो.

कालवा वीज बनवण्यासाठी आहे. टेकापोपासून खाली समुद्राकडे जाताना हे पाणी एकामागून एक आठ वीजघरांतून फिरतं. त्यातलं टेकापो बी चक्क तळ्यात उभं आहे. बांधलं तेव्हा ते कोरड्या जमिनीवर होतं, मग पुकाकीची पातळी चढवली. कालव्यात जाळी टाकून सामन मासेही पाळतात. जाळीबाहेर सांडलेलं खाद्य खाऊन ट्राउट किती माजावेत? २०१३ मध्ये इथल्याच एका कालव्यात १९ किलोचा ट्राउट गळाला लागला.

(पुकाकी. थांबलेला कॅमेरा. लांबवर शिखर.)

इथं सायकल आडवी टाकून बसायचं. तळ्याच्या पार वरच्या टोकाला ते शिखर. आओराकी, माउंट कुक, उंची ३,७२४ मीटर. नावं दोन आहेत आणि कायद्यानं दोन्ही जोडून लिहितात. १९९८ मध्ये न्गाई ताहू या माओरी लोकांशी सरकारनं तडजोड केली, त्यात हे जोडनाव आलं. न्गाई ताहूंच्या कथेत आओराकी हा आकाशपित्याचा मुलगा. भावांबरोबर होडीतून खाली आला, होडी खडकावर अडकून कलली, वरच्या बाजूला चढून बसलेले भाऊ तिथंच दगड झाले. आणि ज्या वाइताकी नदीच्या सोबतीनं आपण समुद्रापर्यंत जाणार आहोत, ती आओराकीची आसवं.

ही आसवं विसाव्या शतकात मीटर लावून मोजली गेली. पुकाकीची पातळी दोनदा वाढवली. पहिल्यांदा ९ मीटर, मग १९७०च्या दशकात आणखी ३७. बारा मजली इमारतीएवढं पाणी. तळ्यात एक छोटं बेट होतं. त्याचं चित्र न्यूझीलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर छापलेलं होतं, म्हणून लोक त्याला फाइव्ह पाउंड नोट आयलंड म्हणायचे. १९६७ मध्ये देशात डॉलर आला आणि ती नोट गेली. पुढच्या दशकात बेटही गेलं. कोयनेचं किंवा उजनीचं पाणी उतरल्यावर देवळाचे कळस शोधणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, ते मी इथं सांगत बसत नाही.

(ट्वायझल. गावातला रस्ता.)

ट्वायझल. १९६८ मध्ये याच धरणं-कालव्यांच्या कामगारांसाठी उभं केलेलं गाव. काम संपलं की घरं उचलायची आणि जागा मोकळी करायची, असा बेत होता. लोक हलले नाहीत. गाव आहे, बेकरी आहे, सायकलवाले तिथं रांगेत उभे असतात. गावाजवळ काकी पक्ष्याचं प्रजनन केंद्र आहे. काळा, लांब लाल पायांचा, पाणथळीत फिरणारा पक्षी. १९८१ मध्ये जेमतेम २३ उरले होते.

ओहाऊपाशी वाट बदलते. तळ्याकाठच्या वस्तीतली ४८ घरं ऑक्टोबर २०२०च्या वणव्यात जळाली. मोकळे चौथरे आणि त्यांच्याशेजारी नवी घरं बघत पुढे गेलो की चढ लागतो, सुमारे ९०० मीटर उंचीपर्यंत. वाटेवरची सर्वांत उंच जागा. आता सपाट कालवारस्ता संपला. एकच चाक मावेल अशी पाऊलवाट, गोटे मोठे, आणि दोन्ही बाजूंना मटागौरी.

मटागौरी म्हणजे इथली बाभळ. रंग राखी, पान नावापुरतं, काटा सुईसारखा. फोटो काढायला मी दोन पावलं आत गेलो आणि सायकल नेमकी त्या झुडपाला टेकवली. परत आलो तर मागच्या टायरमधून सीलंट, म्हणजे भोक बुजवायला आत भरलेला पांढरा द्रव, फुसफुसत होतं, ऊतू चाललेल्या दुधासारखं. काटा उपसला, भोकात रबराची वात खुपसली, हवा भरली. वीस मिनिटं गेली. चूक पूर्णपणे माझी. लहानपणी सायकल बाभळीखाली लावू नकोस म्हणून किती ओरडा खाल्ला असेल!

तेवढ्यात वारा सुटला. वायव्येचा, डोंगर ओलांडून आलेला, कोरडा आणि गरम. पाऊस तो पलीकडच्या उतारावरच टाकून येतो. वाट आग्नेयेला समुद्राकडे जाते, त्यामुळे बराच काळ तो पाठीशी असतो. पण वाट वळली आणि तो बाजूनं लागला, की सैल खडीवर पुढचं चाक आपलं ऐकत नाही. अशा वेळी उतरून सायकल हातानं न्यावी. त्यात लाज कसली.

(ओमारामा. मातीचे उंच सुळके.)

ओमारामाजवळ खडी उभी दिसते. क्ले क्लिफ्स म्हणजे जुन्या हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यानं आणलेल्या खडी-गाळाचे थर. पावसानं चिरत चिरत त्यांचे सुळके केले. जवळून बघा, प्रत्येक थरात तोच करडा गोटा.

पुढे धरणांमागून धरणं. बेनमोर, अवीमोर, वाइताकी. बेनमोर हे देशातलं सर्वांत मोठं मातीचं धरण. त्याच्यावरून सायकल जाते, एवढं सांगून मी थेट कुरोला येतो.

(कुरो. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं.)

कुरो छोटं गाव आहे. १९२८ ते १९३४ या मंदीच्या वर्षांत शेजारी वाइताकी धरण बांधलं जात होतं, बरचसं काम कुदळ-फावड्यांनी. कामाच्या आशेनं माणसं बायकापोरांसह येऊन नदीकाठी राहिली. गावात एक डॉक्टर होते, जर्व्हन मॅकमिलन. एक पाद्री, अर्नोल्ड नॉर्डमायर. आणि शाळेचे मुख्याध्यापक, अँड्र्यू डेव्हिडसन. तिघं एकत्र बसायचे आणि या माणसांच्या आजारपणाचं काय करायचं यावर बोलायचे. धरणावरच्या कामगारांसाठी वर्गणीतून उपचारांची योजना चालत होती. ती सगळ्या देशाला का लागू होऊ नये, असा त्यांचा सवाल. १९३५ मध्ये मॅकमिलन आणि नॉर्डमायर दोघंही मजूर पक्षाकडून संसदेत गेले. १९३८ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यावर कुरोची छाप आहे. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर आइस्क्रीम खाताना मी ते धरणाचं काँक्रीट सोडून या तिघांचाच विचार करत होतो.

(पांढरे खडक. मग पांढऱ्या इमारती.)

डंट्रूनच्या पुढे दगडाचा रंग पालटतो. करडा संपतो, पांढरा चुनखडक सुरू होतो. हा समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा, कवचांचा साठून झालेला. ओआमारू शहराची जुनी गोदामं, बँका सगळ्या याच दगडाच्या. हा दगड मऊ, करवतीनं कापता येतो.

बंदरापाशी वाट संपते. अंधार पडला की छोटे निळे पेंग्विन पाण्यातून वर येतात, फूटभर उंचीचे, किलोभर वजनाचे, दिवसभराची मासेमारी उरकून घरी निघालेले.

आम्हाला एक काम उरलं होतं. या बेटावर एका ओढ्यातलं शेवाळ दुसऱ्या ओढ्यात जाऊ नये म्हणून नियम आहे: तपासा, धुवा, वाळवा. राहत्या जागेच्या मागे बादली घेतली, टायर घासले. खाचांत अडकलेले बारके खडे एकेक करून टपटप पडले. सगळे करडे. पाणी गढूळ झालं. जेवून परत आलो तेव्हा ते स्वच्छ निवळलेलं होतं.

(बादली. वर आकाश.)