साखळी आधी लहान करा: एका शाफ्टचा टॉलरन्स स्टॅक-अप

टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, आणि जोडणीतले असे सगळे फरक मिळून किती होतात ते पाहणं म्हणजे स्टॅक-अप. तो शिकवताना बहुधा सूत्रापासून सुरुवात होते. आपण जोडणीपासून करू. २५ मिमीचा शाफ्ट आहे. त्याच्या शोल्डरला, म्हणजे शाफ्ट जाड होतो त्या पायरीला, टेकून एक ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग, मग २० मिमीचा स्पेसर (अंतर राखणारी नळी), मग दुसरं ६२०५, आणि ही रांग सरकू नये म्हणून शेवटी शाफ्टवरच्या खाचेत सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगसारखी उघडी कडी. प्रश्न एवढाच, की सर्क्लिप आणि खाचेची बाहेरची भिंत यांच्यात किती फट उरेल? फट शून्याच्या खाली गेली तर सर्क्लिप खाचेत उतरणारच नाही. फार मोठी झाली तर रांग ढिली राहील.

फटीच्या एका काठावरून निघा. धातूला धातू जिथे टेकतो तिथूनच चालत दुसऱ्या काठाला पोचा. वाटेत लागलेलं जे माप वाढलं की फट वाढते ते अधिक, ज्यामुळे ती घटते ते उणे. बेअरिंगचा ५२ मिमी बाह्य व्यास या वाटेवर येत नाही, म्हणून तो सोडायचा. हे चालणं बोटाने ड्रॉइंगवर करा. वाटेतल्या मापांची ही साखळी चुकली तर पुढची बेरीज कितीही बरोबर असो, उत्तर चुकीचंच.

आता मापं. ६२०५ ची रुंदी १५ मिमी आणि साध्या दर्जात तिचा टॉलरन्स ०, −०.१२. म्हणजे तो पूर्ण एका बाजूला आहे. तो आधी मध्यावर आणायचा: १४.९४ ± ०.०६. सर्क्लिपची जाडी १.२, टॉलरन्स ०, −०.०६, म्हणून १.१७ ± ०.०३. स्पेसर २० ± ०.०५. शिकणारे इथे सर्रास १५ आणि १.२ हेच आकडे धरतात, आणि फटीचा मध्य ०.१५ मिमीने चुकतो.

शाफ्टच्या ड्रॉइंगवर शोल्डरपासून खाचेच्या आतल्या भिंतीपर्यंत ५० ± ०.१ दिलंय आणि खाचेची रुंदी १.३, +०.१४, ०. ही रुंदी मध्यावर आणली की १.३७ ± ०.०७. फटीचा मध्य निघतो ५१.३७ वजा ५१.०५, म्हणजे ०.३२. टॉलरन्सची सरळ बेरीज ०.३७. फट −०.०५ पासून ०.६९ पर्यंत. म्हणजे काही जोड्यांत सर्क्लिप अडणार.

इथे हात लगेच टॉलरन्स आवळायला जातो. थांबा. शाफ्टची दोन मापं साखळीत का आली ते पाहा. रांगेला अडवते ती खाचेची बाहेरची भिंत, आणि ड्रॉइंगवर माप दिलंय आतल्या भिंतीचं. शोल्डरपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत थेट ५१.४ ± ०.१ द्या. खाचेची रुंदी तीच ठेवा, ती आता साखळीत नाही. मध्य ०.३५, बेरीज ०.३०, फट ०.०५ ते ०.६५. एकही टॉलरन्स आवळला नाही, लेथवरचा खर्च तोच, आणि अडचण गेली. स्टॅक-अपमधलं सगळ्यात किमती काम हेच आहे, असं आम्ही मानतो.

वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायची सांख्यिकी पद्धत याच साखळीला ± ०.१४ देते, फट ०.२१ ते ०.४९. आकडा मोहात पाडतो, पण त्याच्या अटी आहेत. प्रत्येक मापाचा मध्य ठरल्या जागी हवा, त्याचा पसारा टॉलरन्समध्ये तीन सिग्माने (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) मावायला हवा, आणि मापं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. दोन्ही बेअरिंग एकाच लॉटची असतील तर ती एकत्रच रुंद किंवा अरुंद निघू शकतात. मग त्यांचे ०.०६ आधी सरळ बेरजेने ०.१२ करून घ्यायचे. वर्गमूळ तेव्हा ०.१७ येतं. स्पेसरचं वेगळंच. लेथवरचा माणूस लांबी अधिकच्या बाजूला राखतो, कारण जास्त राहिलेलं कापता येतं, कमी झालेला नग भंगारात जातो. मध्य २०.०३ ला बसला तर फटीचा मध्य तितकाच खाली सरकतो. म्हणून चालू उत्पादनातले ३० तरी स्पेसर मोजल्याशिवाय ही पद्धत वापरू नका. पन्नास नगांचं काम असेल तर सरळ बेरीजच धरा.

ड्रॉइंगवर न दिसणाऱ्या गोष्टीही साखळीत येतात. स्पेसरवर ८ मायक्रॉनचं झिंक प्लेटिंग केलं तर दोन तोंडांचे मिळून १६ मायक्रॉन वाढतात. माप प्लेटिंगआधीचं की नंतरचं, ते लिहा. तोंडावर ०.०५ चा बर (कापताना उरलेली धातूची कड) राहिला तर आपली किमान फट तिथेच संपते. आणि स्पेसरच्या २० पुढे टॉलरन्स लिहायचा राहिला, खाली टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीत) आयएसओ २७६८-एम हे टॉलरन्स न लिहिलेल्या मापांसाठीचं मानक छापलेलं असलं, तर त्या मापाला ± ०.२ लागू होतो. इन्स्पेक्शन तो स्पेसर पास करेल आणि नियमाने ते बरोबरच असेल. बेरीज ०.३० ची ०.४५ होईल, फट −०.१० पासून ०.८० पर्यंत, आणि सर्क्लिप असेंब्लीच्या टेबलावर पुन्हा अडेल.