तीन फूट गडगा

(पहाट. शेवाळलेला गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली कुंपणभिंत. मागे माड.)

मालवण तालुक्यातली ही वाडी. डांबरी रस्ता वडापाशी संपतो आणि खालच्या पाच घरांकडे ही पाणंद उतरते. दोन्ही बाजूंना गडगे, मधे साडेपाच फूट.

(वडाखाली ताडपत्री घातलेल्या गाड्या.)

या तीन गाड्या त्याच पाच घरांतल्या. घरापर्यंत जात नाहीत म्हणून इथे उभ्या. माडाखाली लावली तर नारळ पडतो, खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. चतुर्थीला गणपती गाडीतून वडापर्यंत येतो, पुढे डोक्यावरून घरी.

एके काळी इथून एकच गाडी खाली जायची, ओम्नी. तिची रुंदी १.४१ मीटर, म्हणजे पावणेपाच फुटांच्या आत. त्यात मागचं दार सरकणारं, त्यामुळे उघडताना गडग्याला लागत नसे. कोकणातल्या कितीतरी पाणंदी या एका दाराच्या भरवशावर होत्या. २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं. बोलेरो पावणेदोन मीटर रुंद, ती या पाणंदीत शिरतच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाडीत गाडीचा विषय पुन्हा निघाला. मायलेज किती, पेट्रोल की सीएनजी, मुंबईहून कोणाची जुनी मिळते का. पण बोलणं दर वेळी पाणंदीपाशी येऊन थांबायचं.

(खळ्यात बसलेले काका.)

"गाडी घेवक बँक आसा. वाट देवक भावकी होयी."

काकांना आम्ही निवडणुकीबद्दल विचारलं.

"दिल्लीत कोण, मुंबयत कोण, ता टीव्हीर बघतंव. मत देताना मी बघतंय, माझ्या मेरेर कोण येवन उभो रवलो."

मेर म्हणजे हद्दीचा बांध. ही संकुचित वृत्ती आहे, असं मला वाटत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, त्यावर इतकी भाषणं झाली; घरापुढच्या शंभर पावलांवर कोणी बोललं नाही. पाणंद खाजगी जमिनीतून जाते. ग्रामपंचायतीला पैसे घालायचे तर आधी रस्ता २३ नंबरच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत यावा लागतो. त्यासाठी जमीनमालकांची लेखी संमती हवी, आणि कोकणात सातबाऱ्यावर मालक एक नसतो. आजोबांची नावं आहेत, त्यांच्या बहिणींची आहेत, मुंबईला गेलेल्या चुलत्यांची आहेत. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने. रुंद करायला मात्र मनंच वळवावी लागतात. इथे ते काम सरपंचांनी आणि दोन तरुणांनी केलं. फोन केले, मुंबईला जाऊन सह्या आणल्या. चार वर्षं लागली.

(माणसं गडगा उतरवताना. जवळून.)

आणि मग हा दिवस. गडगा पाडत नाहीत, उतरवतात. आधी दोरी धरली, जुन्या गडग्यापासून बरोबर तीन फुटांवर. वरचा थर काढला, दगड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मागे मांडले. शेवाळाची बाजू बाहेर राहावी, असा काकांचा आग्रह. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड आणि फटीत कपच्या. खालच्या थरातून विंचू निघाला, तो बाजूला होईपर्यंत सगळे थांबले. नवा पाया हातभर खणला. ज्या दोन घरांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं, त्या घरांतली माणसं एकाच दगडाची दोन टोकं धरून आहेत. हे आम्ही सांगून करून घेतलेलं नाही.

दुपारी पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. संध्याकाळी गडगा उभा राहिला, तीन फूट मागे.

(मधे आजारी माणसाची खुर्ची. मोबाइलवरचं जुनं चित्रीकरण, आवाज नाही.)

मागच्या पावसात रुग्णवाहिका वडापाशीच थांबली होती.

(पाणंदीतून उतरणारी पांढरी गाडी. आजी आरतीचं ताट घेऊन.)

तीन घरांपर्यंत गाडी आली.

(पाणंदीचं पुढचं वळण.)

खाली दोन घरं उरली आहेत. त्यांच्या वाटेवरच्या गडग्याच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. एकोणीस सह्या झाल्या. उरलेले मे महिन्यात गावाला येतील, तेव्हा दोरी पुन्हा धरायची, असं ठरलं आहे. सरपंचांनी ती जपून ठेवली आहे.