घराच्या आतल्या भिंतींना रंग: कंपनी कोणती, आणि तिचा कोणता डबा?

नमस्कार. पाऊस सरला आणि दिवाळीच्या आधी घर रंगवून घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न कंपनीचाच निघतो: एशियन घ्यावा, बर्जर घ्यावा, की नेरोलॅक? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नामांकित कंपन्यांपुरते बोलायचे तर भिंत किती वर्षे चांगली दिसेल हे कंपनीच्या नावापेक्षा तिच्या कोणत्या प्रतीचा रंग तुम्ही घेता, यावर जास्त अवलंबून असते.

आपल्याकडे पर्याय पुष्कळ आहेत. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ साली मुंबईत झाली, कन्साई नेरोलॅकचे मूळ त्याही आधी, १९२० साली मुंबईतच सुरू झालेल्या कंपनीत आहे. बर्जर कोलकात्याची आणि इंडिगो पुण्याची. २०२४ मध्ये आदित्य बिर्ला समूहाने बिर्ला ओपस बाजारात आणला, त्याचा एक कारखाना आपल्या महाडला आहे. ड्युलक्स विकणाऱ्या अक्झो नोबेल इंडियाचा मोठा हिस्सा घेण्याचा करार जेएसडब्ल्यू पेंट्सने २०२५ मध्ये जाहीर केला. मात्र या मोठ्या कंपन्या स्वस्तातल्या रंगापासून महागड्या रंगापर्यंत सगळ्या प्रती विकतात. एशियनचा ट्रॅक्टर आणि रोयाल, किंवा बर्जरचा बायसन आणि सिल्क, हे एकाच घरातले असले तरी वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे रंग आहेत. त्यामुळे एका कंपनीचा स्वस्त रंग दुसरीच्या महाग रंगाशेजारी ठेवून कंपन्यांचा निवाडा करणे चुकीचे ठरते.

हा फरक डब्याच्या आत कसा पडतो, ते समजून घेण्यासारखे आहे. इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात मिसळून भिंतीला लावायच्या रंगात, पाण्याशिवाय मुख्यतः तीन घटक असतात: भिंत झाकणारे रंगद्रव्य, ज्यात टायटॅनियम डायऑक्साइड सर्वांत महत्त्वाचे आणि महाग, सगळ्यांना बांधून ठेवणारे ॲक्रिलिकसारखे राळेचे बंधक, आणि खडू, टाल्क यांसारखी स्वस्त भरणद्रव्ये. किंमत उतरवायची तर पहिले दोन कमी करून तिसरे वाढवले जाते. बंधक कमी पडला की कणांमधल्या फटी पूर्ण भरत नाहीत, भिंत डाग शोषून घेते आणि ओल्या फडक्याने पुसायला गेले की डागाबरोबर रंगही निघतो. डिस्टेंपर या स्वस्तातल्या, कमी बंधकाच्या रंगाच्या भिंतीला टेकल्यावर कपड्यांना पांढरी पूड लागते, ती याच कारणाने. म्हणून डब्याची जाडी किंवा वजन पाहून रंग चांगला समजू नका. भरणद्रव्यानेही डबा जड होतो.

आता पैशाचे गणित. दहा बाय बाराच्या खोलीत छताची उंची दहा फूट धरली, तर चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. दारे-खिडक्यांचे ६० वजा केले की ३८० उरतात. समजा, २०० रुपये लिटरचा रंग दोन हातांत लिटरमागे ७० चौरस फूट झाकतो, आणि ४०० रुपये लिटरचा १३०. पहिला सुमारे साडेपाच लिटर लागेल, दुसरा तीन लिटरच्या आत बसेल. खर्च पहिल्याचा साधारण १,०९० रुपये, दुसऱ्याचा १,१७०. हे आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी आहेत, तुमच्या शहरातले भाव त्यांच्या जागी घाला. पण डब्यावरची किंमत दुप्पट असून भिंतीवरचा खर्च जवळजवळ सारखा येऊ शकतो, आणि रंगाऱ्याची मजुरी तर दोन्ही वेळा द्यावीच लागते. दुकानदाराला म्हणून लिटरचा भाव विचारू नका, दोन हातांचा चौरस फुटाला काय खर्च येतो ते विचारा. कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला पसारा, म्हणजे एका लिटरात झाकले जाणारे क्षेत्र, गुळगुळीत भिंतीवरचा असतो, घरात त्याहून थोडा कमी धरावा.

तुलना करताना मापेही पाहावीत. डिस्टेंपर किलोवर मिळतो आणि इमल्शन लिटरवर, त्यामुळे त्यांचे भाव थेट ताडता येत नाहीत. यंत्रावर शेड बनवून मिळणारे डबे अनेकदा २० ऐवजी १८ लिटरचे, ४ ऐवजी ३.६ लिटरचे असतात, कारण रंगछटा मिसळायला जागा ठेवलेली असते. गडद लाल आणि भडक पिवळ्या छटा महाग तर पडतातच, शिवाय त्यांना बहुधा जास्तीचा हात द्यावा लागतो.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. अनेक कंपन्यांच्या डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन असते, ते जमा केल्यावर त्याला पैसे किंवा गुण मिळतात. कष्ट करणाऱ्या माणसाला चार पैसे जास्त मिळाले तर त्यात गैर काहीच नाही. पण त्याने सुचवलेली कंपनी मान्य करण्यापूर्वी त्याच प्रतीच्या दुसऱ्या दोन रंगांचे भाव स्वतः विचारून घ्यावेत, आणि डबे आपल्यासमोर उघडायला सांगावेत.

भिंतीत ओल असेल तर मात्र कोणतीही कंपनी तुम्हाला वाचवू शकत नाही. मुंबईत आणि कोकणात हे वारंवार दिसते: बाहेरच्या भिंतीला भेग असते, पाणी आत झिरपते, क्षार वर येतात आणि महागड्या रंगाचेही पोपडे सुटतात. गळती आधी बंद करा, भिंत वाळू द्या आणि मगच पुट्टी (खड्डे बुजवणारा लेप) व प्रायमर (रंगाआधीचा थर) यांना हात घाला. नवा गिलावा असेल तर निदान चार आठवडे थांबावे. जुना चुना पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर इमल्शन टिकत नाही. कंपनीची हमी घेणार असाल तर तिच्या अटी वाचा. प्रायमर आणि पुट्टी कोणती वापरायची, हेही त्यात अनेकदा ठरवून दिलेले असते.

माझी निवड विचाराल, तर छताला साधे इमल्शन पुरते, तिथे कोणाचा हात लागत नाही. बैठकीची खोली, मुलांची खोली आणि ये-जा असलेला बोळ यांना मधल्या किंवा वरच्या प्रतीचे धुता येणारे इमल्शन द्यावे. भिंत खालीवर असेल तर चकाकीचा रंग टाळा, ट्यूबलाइटच्या उजेडात प्रत्येक खड्डा उठून दिसतो. भाड्याने द्यायच्या घराला सर्वांत महाग रंग देण्यात मला अर्थ दिसत नाही.

घरात लहान मूल असेल तर डब्यावर शिशाचा उल्लेख शोधा. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. स्थानिक, बिननावाच्या स्वस्त डब्यांवर हा उल्लेख आढळला नाही तर ते घेऊ नका.

दोन रंगांत मन अडकलेच, तर दोन्हींचा एकेक लिटर आणा, एकाच भिंतीवर हातभर पट्टे ओढा आणि दोन हात देऊन पूर्ण वाळू द्या. काही आठवड्यांनी त्यावर पेन्सिलीची रेघ आणि चहाचा थेंब पाडून ओल्या स्पंजने पुसा. ज्या पट्ट्यावरून डाग निघाला आणि स्पंजला रंग लागला नाही, तो रंग घ्या, आणि सगळे डबे एकाच बॅचचे मागून घ्या.