डमरूच्या आकाराची गाठ

श्रोतेहो, नमस्कार. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. त्यांच्यावर गाठ झालीच, तर ती बहुतेक वेळा आठव्या नसेवर होते. ही ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस. बाराव्या नसेवरची गाठ मात्र फार क्वचित दिसते. ही बारावी नस जीभ हलवते, एवढं ध्यानात ठेवा.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. शिकवताना ‘ळ’ आणि ‘ट’ अडखळायचे. हातात मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट होता आणि त्यात दोष काहीच नव्हता. तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच शब्द: एमआरआय ब्रेन. (चिठ्ठीवर तक्रार लिहायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट द्यायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे.)

मी म्हटलं, “बाई, जीभ बाहेर काढा बघू.” जीभ सरळ आली नाही, डावीकडे वळली. डावा अर्धा भाग बारीक झालेला, सुरकुतलेला. जीभ ज्या बाजूला वळते, त्याच बाजूची नस दुबळी असते.

मग कवटीच्या तळापासून जिभेपर्यंत नवा एमआरआय केला. डावी अर्धी जीभ पांढरी दिसली आणि घशाकडे ओघळलेली. माझ्याकडे शिकणारा मुलगा म्हणाला, “सर, जिभेतच गाठ आहे.” नव्हती. नस बंद पडली की स्नायू आटतो, त्याच्या जागी चरबी भरते, आणि चरबी त्या चित्रात पांढरी दिसते. आम्ही नसेच्या वाटेने वर वर गेलो. कवटीच्या तळाशी, ही नस बाहेर पडते त्या हाडातल्या बोगद्यात गाठ सापडली. एक फुगा कवटीच्या आत, एक बाहेर, मधे कंबर. हुबेहूब डमरू. गाठ चित्रात उठून दिसावी म्हणून देतात ते इंजेक्शन दिल्यावर ती उजळून निघाली.

सीटीत हाड पाहिलं. बोगदा रुंदावलेला, पण कडा गुळगुळीत. कडा गुळगुळीत म्हणजे गाठ सावकाश वाढलेली. कुरतडल्यासारख्या असत्या, तर संशय वेगळ्या गाठींवर गेला असता. ऑपरेशनमध्ये श्वानोमाच निघाला, म्हणजे नसेच्या वेष्टणाची गाठ, कर्करोग नव्हे.

पाचव्या नसेवरही डमरू दिसतो, तिथे चावण्याचे स्नायू आटतात. सातव्या, चेहऱ्याच्या नसेत कानाजवळचा हाडातला मार्ग रुंदावतो.

बाईंनी आधीच्या तपासणीच्या फिल्म जपून ठेवल्या होत्या. (तुम्हीही जुन्या फिल्म, सीडी टाकू नका.) त्या पुन्हा दिव्यासमोर धरल्या. सगळ्यात खालच्या चित्रात, अगदी कडेला, गाठीचं वरचं टोक दिसत होतं.