दातात ट्यूब धरून घाट चढणारा फिओरेन्झो मान्यी

हा फोटो जरा नीट बघा. सायकलवर एक टकला माणूस, चेहरा पार आवळलेला, आणि दातात रबराची पट्टी धरलीये, तिचं दुसरं टोक हॅन्डलला बांधलंय. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं काहीतरी स्टंट असेल, जाहिरात वगैरे. तर नाही. ही १९५६ ची जिरो द इतालिया आहे, म्हणजे इटलीतली तीन आठवडे चालणारी ती मोठी सायकल रेस, आणि या गड्याचं डावं कॉलरबोन मोडलंय.

नाव फिओरेन्झो मान्यी. जन्म १९२० चा, तोस्कानातल्या वायानो गावचा, प्रातो शहराजवळ. इटलीत तेव्हा घराघरात सायकल रेसवाल्यांच्या चाहत्यांच्या दोनच पार्ट्या होत्या, एक फाउस्तो कोप्पीची आणि एक जिनो बार्ताली याची, भांडणं व्हायची यावरून. मान्यी त्यात तिसरा, लोक त्याला म्हणायचेच 'तिसरा माणूस'. आता बघा, तीन वेळा जिरो जिंकलेला माणूस तिसरा! पण त्याला कारणं होती.

एक कारण युद्धातलं, आणि ते गाळून पुढं जाणं बरोबर नाही. मान्यी फॅसिस्टांच्या बाजूला होता. जानेवारी १९४४ मध्ये वालिबोना इथं पार्टिझन लोकांवर, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्यांवर, हल्ला झाला, त्यात तो होता असा आरोप झाला, युद्ध संपल्यावर कोर्टात केस उभी राहिली. तो सुटला, पण लोक विसरले नाहीत.

त्यात १९४८ ची जिरो. जिंकला फक्त ११ सेकंदांनी, जिरोच्या इतिहासात एवढ्या कमी फरकानं कोणी जिंकलेलं नाही. पण पोर्दोई घाटात त्याच्या माणसांनी त्याला मागून ढकललं म्हणून बोंब झाली, पंचांनी २ मिनिटांची पेनल्टी लावली, कोप्पीच्या टीमला ती एकदम फुसकी वाटली आणि त्यांनी रेसच सोडली. मिलानला शेवटच्या दिवशी विजेता आत आला तर पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या.

मग हा बेल्जियमला गेला. तिथली टूर ऑफ फ्लँडर्स ही एका दिवसाची रेस, दगडी रस्ते, गार वारा, पाऊस, इटालियन लोक तिकडं फारसे फिरकायचे नाहीत. यानं १९४९, ५० आणि ५१, लागोपाठ तीन वेळा मारली. लागोपाठ तीन अजून दुसऱ्या कोणाला जमलेल्या नाहीत. 'फ्लँडर्सचा सिंह' हे नाव त्याला तिकडच्यांनीच दिलं, आणि ते मला तिसऱ्या माणसापेक्षा जास्त खरं वाटतं.

नशीब मात्र कायम आडवं. १९५० च्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी मिळाली, म्हणजे रेसमध्ये सगळ्यात पुढं असलेल्याची, आणि त्याच दिवशी आस्पाँ घाटात फ्रेंच प्रेक्षक बार्तालीच्या अंगावर धावून गेले, बार्ताली चिडला, रात्री अख्खी इटालियन टीम घरी निघाली, त्यात पिवळी जर्सीवाला मान्यी पण.

धंद्याचं डोकं पण होतं हां त्याला. पन्नाशीच्या दशकात इटलीत जो तो स्कूटर घ्यायला लागला, सायकल कंपन्यांकडं टीम चालवायला पैसा उरेना. १९५४ ला हा थेट निव्हिआ क्रीमवाल्यांना स्पॉन्सर म्हणून घेऊन आला. सायकल सोडून भलत्याच धंद्यातली कंपनी टीमच्या जर्सीवर, यावर लोक खवळले होते, आज त्याशिवाय सायकलिंग चालतच नाही. पुढच्याच वर्षी ३४ व्या वर्षी तिसरी जिरो जिंकला, कोप्पीपेक्षा १३ सेकंद पुढं. एवढ्या वयात जिरो जिंकण्याचा तो रेकॉर्ड अजून टिकून आहे.

आता परत त्या फोटोकडं येऊ. १९५६, ही आपली शेवटची जिरो असं त्यानं आधीच सांगून टाकलेलं. वोल्तेर्राच्या उतारावर पडला, हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले घरी जा, हा प्लास्टर पण घालून घेईना, चिकटपट्ट्या गुंडाळून दुसऱ्या दिवशी स्टार्टला हजर. सायकलनं घाट चढलेल्यांना माहितीये, चढावर पाय जेवढे लागतात तेवढंच हातानं हॅन्डल ओढावं लागतं. डाव्या हातात तर जोरच नाही. पुढं बोलोन्याला सान लुका चर्चच्या चढावर टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायची. तेव्हा त्याचा मेकॅनिक फालिएरो माझी, यानं ट्यूब कापली, एक टोक हॅन्डलला बांधलं, दुसरं दिलं याच्या दातात. हातानं नाही तर दातानं ओढ!

तेवढ्यावर भागलं नाही. डाव्या हातानं ब्रेक दाबता येत नव्हता, दोनेक दिवसांत परत आपटला, त्याच हाताचं दंडाचं हाड गेलं, दुखण्यानं शुद्ध हरपली. जाग आली तर ॲम्ब्युलन्समध्ये. ओरडून ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली, उतरला, परत सायकलवर.

आणि मग ८ जून, मोंते बोंदोने. जून महिन्यात बर्फ! रेसमधली पोरं रस्त्याकडेच्या घरांत शिरली, गुलाबी जर्सीवाला, म्हणजे जिरोत तेव्हा सगळ्यात पुढं असलेला फोर्नारा पण सोडून गेला, त्या दिवशी निघालेल्यांपैकी जवळपास निम्मे गळाले. लक्झेंबर्गचा शार्ली गोल वर पोचला तेव्हा इतका गारठलेला की जर्सी कापून काढावी लागली. जिरो त्यानंच मारली. दुसरा कोण? दोन हाडं मोडलेला मान्यी, ३ मिनिटं २७ सेकंद मागं.

कोप्पी १९६० मध्येच गेला, चाळिसाव्या वर्षी, बार्ताली २००० ला. तिसरा माणूस ऑक्टोबर २०१२ पर्यंत होता, ९१ वर्षांचा. म्हातारपणी एकच ध्यास घेतलेला, कोमो तलावाच्या वर गिझाल्लोच्या घाटमाथ्यावर सायकलवाल्यांच्या मदोन्नाचं, म्हणजे मेरी मातेचं, छोटं देऊळ आहे, त्याच्या शेजारी सायकलिंगचं म्युझियम उभं करायचं. २००६ ला ते उघडलं. कोप्पी आणि बार्ताली, दोघांच्याही आठवणी तिथं ठेवल्यात.