नाणं तेच, मशीन वेगळं

ही दोन मशीन्स बघा. दोन्हीत नाणं टाकायचं, दोन्हीतून चहा नाहीतर कॉफी येते. पहिल्यात नाणं पडलं की दोन्ही बटणं चालू, हवं ते दाबा. दुसरं मात्र नाणं आत जातानाच आपलं आपण ठरवून मोकळं होतं, कधी फक्त चहाचं बटण चालू कधी फक्त कॉफीचं, आणि तुम्हाला चहाच हवा असेल तर बसा दाबत.

आता काय काय घडू शकतं ते वहीत लिहा. नाणं मग चहा, नाणं मग कॉफी. दोन्ही वह्या सेम टू सेम! मग मशीन्स सारखी म्हणायची का?

एडिनबरात संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर नाही म्हणाले. 1980 साली त्यांनी सीसीएस मांडलं, एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांचं, बीजगणित. शाळेत आपण अ गुणिले कंसात ब अधिक क दिसलं की लगेच कंस सोडवतो ना, इथे अ म्हणजे नाणं, ब चहा, क कॉफी, आणि कंस तसा सोडवता येत नाही, कारण कंस सोडवला की माणसाच्या हातातली निवड मशीनच्या हातात जाते. हे कळलं त्या दिवशी मी तीच दोन फांद्यांची झाडं वहीत परत परत काढत बसले होते, इतकं साधं आणि इतकं खोल आहे ते.

पुढच्याच वर्षी डेव्हिड पार्क यांनी बायसिम्युलेशन आणलं, दोन मशीन्स खरंच सारखी वागतात का ते ठरवायची कसोटी. खेळच म्हणा. मी एका मशीनवर चाल करायची, तुम्ही दुसऱ्यावर तीच करून दाखवायची, आणि मी मधेच मशीन बदलू शकते. मी दुसऱ्या मशीनमध्ये नाणं टाकलं, ते कॉफीवर अडकलं, तुम्ही पहिल्यात टाकलं. आता मी पहिल्यावर येऊन चहा दाबला. तुमच्याकडे उत्तर नाही, खेळ संपला, म्हणजे मशीन्स सारखी नाहीत.

तिकडे टोनी होअर यांनी 1978 मध्ये सीएसपी मांडलं होतं, अशाच प्रोसेस लिहायची दुसरी भाषा, तिच्यात दोन्ही बाजू तयार असतील तरच देवाणघेवाण. त्याच साली नीडहॅम आणि श्रोडर यांचा ओळख पटवायचा प्रोटोकॉल आला. गॅविन लोव यांना त्यात भोक सापडलं ते थेट 1995 ला, मधला माणूस एकाचे मेसेज दुसऱ्याकडे सरकवत स्वतः पहिला असल्याचं भासवू शकतो. मग त्यांनी सगळं सीएसपीत लिहून एफडीआर या सीएसपी आपोआप तपासणाऱ्या टूलला दिलं, त्यानेही तोच हल्ला पायरी पायरीने काढून दाखवला. उपाय एवढाच, दुसऱ्या मेसेजमध्ये उत्तर देणाऱ्याचं नाव घालायचं. नाव घालून टूल परत चालवलं, हल्ला सापडला नाही.