कसायाची मजुरी

मघाशी प्रास्ताविकात बकरी ईदच्या कुर्बानीसाठी ‘पशुबळी’ असा शब्द आला. मी तिथूनच सुरू करतो, कारण घोटाळा त्या शब्दातच आहे. बळी म्हटलं की आपल्याला म्हसोबा आठवतो, फेडलेला नवस आठवतो. देवाला काहीतरी पोचवायचं असतं. कुर्बानी हा शब्द ज्या अरबी धातूतून आला त्याचा अर्थ जवळ असणं. हिंदीतला ‘करीब’ त्याच घरातला. देवाजवळ नेणारी गोष्ट ती कुर्बानी. आणि देवाला पोचतं काय? कुराणाच्या २२व्या सूरेत, म्हणजे ‘हज’ नावाच्या अध्यायात, ३७वी आयत सरळ सांगते की जनावरांचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा. तकवा म्हणजे मनातलं देवाचं भान. त्याच्या आधीच्याच आयतीत म्हटलंय, स्वतः खा, मागणाऱ्याला द्या आणि न मागता गप्प बसलेल्यालाही द्या. हा न मागणारा मला फार महत्त्वाचा वाटतो.

देवाच्या हुकमावरून स्वतःच्या मुलाची कुर्बानी द्यायला निघालेल्या इब्राहिमची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती सगळी सांगत नाही. एवढंच लक्षात घ्या की कुराणातला बाप मुलाला अंधारात ठेवत नाही. स्वप्न सांगतो आणि विचारतो, तुला काय वाटतं? मुलगा म्हणतो, हुकूम झालाय तसं करा. कुराण मुलाचं नाव घेत नाही. मुसलमान सर्वसाधारणपणे इस्माईल मानतात, पण तबरीसारख्या कुराणाच्या मोठ्या भाष्यकाराचं मत दुसऱ्या मुलाच्या, इसहाकच्या बाजूचं होतं.

आता जरा बारीक नियमांकडे येऊ. खरा अर्थ मला तिथे सापडतो.

आपल्या गावगाड्यात मुलाणी असायचा. जत्रेतलं बकरं हलाल करायचं काम त्याचं, मग ते हिंदूच्या घरचं का असेना, आणि मोबदल्यात त्याच जनावराचा वाटा त्याला मिळायचा. कुर्बानीत नेमकं हेच चालत नाही. कसायाची मजुरी म्हणून कुर्बानीचं मांस द्यायचं नाही, कातडंही नाही. मजुरी खिशातून द्यायची. पैगंबरांनी शेवटच्या हजला १०० उंट अर्पण केले, त्यातले ६३ स्वतःच्या हातांनी. उरलेल्यांचं काम त्यांचे जावई अली यांच्याकडे होतं. मांस, कातडी, अगदी उंटांच्या अंगावरच्या झुलीसुद्धा वाटून टाका, पण कापणाऱ्याला त्यातून काही देऊ नका, असं त्यांना बजावलं होतं. मजुरीत मांस दिलं की तुम्ही तेवढे पैसे वाचवले, म्हणजे सोडलेलं परत घेतलं. कसाई गरीब असेल तर मजुरी वेगळी द्या आणि मांस भेट म्हणून द्या, त्याला हरकत नाही. कातडं विकून आलेला पैसाही स्वतःला वापरता येत नाही, म्हणून तर कातडी मदरशांना जातात. (हल्ली कातड्यांचे भाव इतके पडलेत की मदरशांचंही त्यातून काही सुटत नाही.)

नियम असा काटेकोर, पण वेळेच्या बाबतीत सैल. ईदची नमाज होण्याआधी कापलं तर ते नुसतं मटण, कुर्बानी नव्हे. मात्र नमाजनंतर हनफी या धर्मशास्त्राच्या पंथात जिलहज महिन्याच्या १० ते १२ तारखा असे तीन दिवस मिळतात, आणि शाफई पंथात, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांकडे, चार. २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रात कित्येक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी फक्त नमाज पढली आणि कुर्बानी पुढे ढकलली. वर्तमानपत्रांनी सलोख्याचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण धर्म बाजूला ठेवून हे घडलं असं कुणी समजू नये. ती सवड शास्त्रातच आहे.

मोरोक्कोत तर त्याहून पुढची गोष्ट घडली. वर्षानुवर्षांच्या दुष्काळानं मेंढरांचे कळप घटले, तेव्हा २०२५ साली राजे सहावे मोहम्मद यांनी प्रजेला सांगितलं की यंदा कुर्बानी करू नका, सर्वांच्या वतीनं मी करतो. त्यांच्या वडिलांनीही १९९६ साली असंच आवाहन केलं होतं. आधार पैगंबरांचाच: त्यांनी दोन मेंढे कापले, एक घरच्यांसाठी आणि एक उम्मतीतल्या, म्हणजे मुस्लिम समाजातल्या, सगळ्यांसाठी. आपल्याकडच्या हनफींना हे पचायला जड जाईल, कारण त्यांच्याकडे ऐपत असलेल्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे. मोरोक्को मालिकी पंथाचा. तिथे ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची प्रथा, सक्ती नव्हे.